त्वचा नाजूक आहे, व्हायब्रेटर कोणता घेऊ?

पत्र

डॉक्टर मॅडम, माझं वय ४३. सांगली जिल्ह्यात बँकेत नोकरी करते. यजमानांची बदली झाल्यापासून ते महिन्यातून दोनदाच घरी येतात. मला लहानपणापासून कोपराच्या खोबणीत इसब आहे, खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात. वर्षभरापासून खाली कोरडेपणाही जाणवतो. एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ऑनलाइन ‘पर्सनल मसाजर’ मागवला, ८९९ रुपयांचा. मऊ, गुलाबी, खोलल्यावर नव्या रेनकोटसारखा वास येणारा. स्वच्छ असावा म्हणून आधी जंतुनाशक घातलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. सोबत फुकट आलेलं स्ट्रॉबेरीच्या वासाचं जेल लावलं. त्याच रात्री जळजळ सुरू झाली, सकाळी सूज आणि लघवीला आग. मेडिकलमधून ट्यूब आणली. तीन आठवडे लावतेय. लावली की बरं वाटतं, सोडली की पुन्हा खाज. ही मला शिक्षा मिळाली का? हे सगळं सोडून द्यावं, की माझ्या त्वचेला चालेल असं काही असतं? घरात सासूबाई असतात, त्यामुळे ते धुऊन वाळवायचं कुठे हाही प्रश्न आहे. असलं काही विचारते आहे, माफ करा.

उत्तर

ताई, माफी कशाची? वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये मुंबईत खटला चालला आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्याला नव्वद वर्षं उलटून गेली. तरी आजही कुणा बाईला हे विचारताना ओशाळवाणं वाटतं, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत. आणि शिक्षेचं म्हणाल, तर साबणाने हात फुटले की आपण साबण बदलतो, कुठलं पाप आठवत बसत नाही. इथेही तेच करायचं आहे.

आधी नेमकं काय झालं ते पाहू. तुमच्या पत्रात संशय घ्यावा अशा चार वस्तू आहेत: तो मसाजर, जंतुनाशक, जेल आणि ट्यूब. त्वचेची ओरड दोन तऱ्हेची असते. एखाद्या पदार्थाने कातडी थेट पोळते, तेव्हा आग काही मिनिटांत किंवा काही तासांत सुरू होते. खाजेपेक्षा जळजळ जास्त असते. अ‍ॅलर्जी मात्र सावकाश येते. एक ते तीन दिवसांनी खाज, बारीक पुरळ, मग पाणी सुटणं. खोट्या कानातल्यांनी तुमचे कान चिघळतात ते असं. तुम्हाला आग त्याच रात्री झाली, म्हणजे हे पोळणं असण्याची शक्यता जास्त. माझा पहिला संशय जंतुनाशकावर आहे. तपकिरी जंतुनाशक द्रव फरशीला आणि जखमेच्या आजूबाजूला ठीक, पण मऊ सच्छिद्र प्लास्टिक रात्रभर त्यात ठेवलं की द्रव आत मुरतो. वरून कितीही धुतलं तरी ऊब आणि ओल मिळाली की हळूहळू बाहेर येतो, आणि तोही शरीराच्या अशा जागी, जिथली कातडी हाताच्या कातडीपेक्षा पातळ असते आणि पदार्थ लवकर आत ओढून घेते. दुसरा संशय त्या जेलवर. स्ट्रॉबेरीचा वास म्हणजे सुगंधी रसायनं, आणि सुगंध हे त्वचेच्या अ‍ॅलर्जीचं आमच्या रोजच्या पाहण्यातलं कारण.

ट्यूबबद्दल मला जरा सविस्तर बोललंच पाहिजे, कारण तुमचा आजचा त्रास बहुधा तिनेच लांबवला आहे. मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की जी मिळते, तिच्यात बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीवरचं, जंतूंवरचं आणि स्टेरॉइड. तुमच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं स्टेरॉइडचं नाव लिहिलंय का, ते बघा. असेल तर लावल्यावर बरं आणि सोडल्यावर पुन्हा खाज, हे कोडं सुटलं. स्टेरॉइड खाज दाबतं, पण अशा जागी आठवडेच्या आठवडे लावलं की कातडी पातळ होते, लाल पडते, आणि आत बुरशी असेल तर ती झाकून वाढू देतं. नायट्यावर अशा ट्यूबा चोळून चिघळवून घेतलेले पेशंट महाराष्ट्रातल्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला रोज दिसतात. औषध मुळात वाईट नाही. काही आजारांत मी स्वतः तेच लिहून देते, पण किती, कुठे आणि किती दिवस हे ठरवून. तेव्हा ही ट्यूब पर्समध्ये टाका आणि या आठवड्यातच त्वचेच्या किंवा बायकांच्या डॉक्टरांना दाखवा. कशी कमी करत थांबवायची ते त्या सांगतील. दुसरी ट्यूब आणू नका.

तोवर त्या जागेला विश्रांती द्या. धुवायला नुसतं साधं पाणी. साबण नको, जाहिरातीतलं इंटिमेट वॉश नको, बेसन-हळद नको, सुगंधी वेट वाइप्स नकोत, सुगंधी पॅडही नकोत. आतला भाग स्वतःला स्वतःच साफ ठेवतो. तिथलं वातावरण किंचित आंबट असतं, साधारण ३.८ ते ४.५ पीएच, आणि साबणाने ते बिघडतं. धुतल्यावर मऊ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका. मग फक्त बाहेरच्या कातडीवर बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. लघवीला आग होत असेल तर लघवी करतानाच वरून कोमट पाणी ओतत राहा, झोंबणं कमी होतं. खाज आणि आग पूर्ण थांबून दोन आठवडे उलटेपर्यंत नवं काही वापरायचं नाही. एवढा धीर धराच. पोळलेल्या कातडीला चांगल्यातली चांगली वस्तूही बोचते आणि मग आपण त्या वस्तूला उगाच दोष देतो.

आता तुमचा खरा प्रश्न. चालेल असं काही असतं का? असतं, आणि ते शोधणं तुम्हाला वाटतं तितकं कठीण नाही. रंग, आकार, किती प्रकारची कंपनं, हे सगळं नंतर. नाजूक त्वचेने सगळ्यात आधी विचारायचं ते एकच: हे कशाचं बनलंय?

तुमचा मसाजर ज्या मऊ, लिबलिबीत प्रकारातला वाटतो, त्याला बाजारात जेली म्हणतात. मूळ प्लास्टिक कडक असतं; ते मऊ करायला त्यात थॅलेट नावाची रसायनं मिसळतात. ती प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात, म्हणून झिरपत राहतात. तो रेनकोटचा वास, तो तेलकट चिकटपणा असल्याच झिरपणाऱ्या गोष्टींचा. २००६ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने अशी साधनं तपासली, तेव्हा त्यांपैकी काहींत हीच रसायनं सापडली होती. दुसरा एक मऊ पदार्थ म्हणजे टीपीई किंवा टीपीआर, रबरासारखं प्लास्टिक. त्यात थॅलेट असतीलच असं नाही, पण तोही सच्छिद्र. कितीही धुतला तरी पूर्ण निर्जंतुक होत नाही. तेव्हा तो गुलाबी मसाजर काढून टाका, ताई. ८९९ रुपये गेले याची हळहळ वाटेल, पण तो ठेवून त्यावर पुन्हा पैसे आणि त्वचा दोन्ही घालवू नका. सेल निघत असतील तर काढून वेगळे टाका.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती सिलिकॉनला, मेडिकल ग्रेड किंवा प्लॅटिनम क्युअर्ड असं लिहिलेलं. सिलिकॉनला वास नसतो, ते सच्छिद्र नसतं आणि त्याची अ‍ॅलर्जी क्वचितच दिसते. पाळीच्या दिवसांत वापरायचा मेन्स्ट्रुअल कप बहुतेक वेळा याच सिलिकॉनचा असतो. तुम्ही किंवा तुमच्या घरातली लेक-भाची तो वापरत असेल, तर हातात घेऊन बघा: मऊ, पण चिकट नाही, दाबला तरी वास नाही. व्हायब्रेटरही हाताला तसाच लागला पाहिजे. डब्यावर ‘सिलिकॉन’ लिहिलेलं असून खोलल्यावर भपकन वास आला, तर डब्यावरचं खरं मानू नका, नाकाचं माना. आणखी एक सोपी परीक्षा सांगते. दोन भाग जुळतात तिथे बारीक शिवण राहते. कापसाचा बोळा सगळीकडून फिरवा. तंतू अडकले तर ती कड तुमच्या कातडीलाही ओरखडे काढणार. तसं साधन परत पाठवा.

काच ऐकून तुम्ही दचकाल. पण ही काच बांगडीची नव्हे, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची असते, बोरोसिलिकेट. तिच्यातून काहीही झिरपत नाही, अ‍ॅलर्जी होत नाही, घर्षण सगळ्यात कमी. कंपनं नसतात, पण कोमट पाण्यात धरली की तिला ऊब येते आणि कोरडेपणा असलेल्या बायकांना ती ऊब बरी वाटते. दर वेळी टवका उडालाय का ते बोटाने आणि उजेडात बघायचं, उडाला असेल तर टाकून द्यायचं, आणि फ्रिजमधून काढून थेट गरम पाण्यात घालायचं नाही, एवढंच पथ्य.

स्टीलची साधनंही चांगली असतात, पण तुम्हाला मी ती सुचवणार नाही. कान खोट्या दागिन्यांनी चिघळतात म्हणजे तुम्हाला बहुधा निकेलची अ‍ॅलर्जी आहे. जीन्सच्या बटणाखाली, घड्याळाच्या बकलाखालीही खाज सुटते का, ते आठवून बघा. चांगल्या प्रतीच्या स्टीलमधून निकेल फार कमी सुटतं, पण स्टीलमध्ये ते असतं. काच उपलब्ध असताना हा धोका पत्करायचं कारण नाही. चार्जिंगच्या पिना आणि धातूच्या सजावटीच्या पट्ट्या कातडीला लागणार नाहीत, हेही पाहा. रबराचे हातमोजे किंवा फुगे यांनी तुम्हाला खाज सुटत असेल, तर लॅटेक्सच्या निरोधपासूनही दूर राहा. पॉलिआयसोप्रीनचे किंवा पॉलियुरेथेनचे मिळतात.

आकाराबद्दल. लहान घ्या आणि बाहेरून वापरायचं घ्या. सुखाची संवेदना देणाऱ्या मज्जातंतूंची सगळ्यात दाट वस्ती शिश्निकेत, म्हणजे क्लिटोरिसमध्ये असते. ती दिसते इवलीशी, पण तिचा मोठा भाग आत, योनीमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. हेलन ओ’कॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सिकेने १९९८ मध्ये तो नीट दाखवून दिला. म्हणून बाहेरून हलका स्पर्श बहुतेक बायकांना पुरेसा होतो, आणि कोरड्या, नाजूक आतल्या कातडीला हात लावायची गरजच पडत नाही. बोटाएवढा, टोकाला गोल आणि मऊ असा व्हायब्रेटर तुमच्यासाठी योग्य. कंपनाची अगदी हलकी पायरी त्यात असलीच पाहिजे. काही साधनं सुरूच जोरात होतात, ती नकोत. सुरुवातीला सुती चड्डीवरून किंवा मऊ सुती रुमालावरून वापरा. कंपनं पोचतात आणि घासणं टळतं. पाच-दहा मिनिटांनी जागा बधिर वाटली तर थांबा, थोड्या वेळात ती पूर्ववत होते.

हवेच्या स्पंदनांवर चालणारी साधनंही २०१४ पासून आली आहेत. ती कातडीला घासत नाहीत, म्हणून नाजूक त्वचेसाठी चांगली असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. घासणं कमी होतं हे खरं, पण ओढ असते, आणि सुजलेल्या किंवा पातळ झालेल्या कातडीवर त्या ओढीने रक्ताचे बारीक ठिपके उठू शकतात. तुम्ही पहिलं साधन म्हणून ते घेऊ नये, असं मला वाटतं.

जेलशिवाय काहीच वापरू नका. तुमच्या वयात तर नाहीच. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते, पण इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याच्या काही वर्षं आधीपासूनच वरखाली होऊ लागतं आणि तिथली कातडी पातळ, कोरडी होते. तुमचा वर्षभराचा कोरडेपणा त्यातला असू शकतो. त्यावर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं. डॉक्टरांकडे जालच, तेव्हा हेही विचारा. जेल मात्र पाण्यावर आधारित, बिनवासाचं, बिनचवीचं, गरम किंवा थंड करणारं नसलेलं हवं. साहित्याची यादी जितकी छोटी तितकं बरं. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यादीत अगदी वर असेल तर ते जेल घट्ट असतं आणि उलट पेशींतलंच पाणी ओढून घेतं. सुरुवातीला गुळगुळीत, नंतर चरचर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये यासाठी मर्यादा सांगितली आहे: ऑस्मोलॅलिटी, म्हणजे जेलमध्ये विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, शक्यतो ३८० च्या खाली, आणि कुठल्याही परिस्थितीत १२०० च्या वर नको. काही कंपन्या हा आकडा छापतात. छापणारी मिळाली तर तीच घ्या. सिलिकॉनच्या साधनाला सिलिकॉनचं जेल लावू नका, पृष्ठभाग खराब होऊ शकतो. घरचं साधं खोबरेल तेल काचेवर आणि सिलिकॉनवर चालतं, मात्र सुगंधी केसांचं तेल नाही. आणि लॅटेक्सचा निरोध वापरणार असाल तर कुठलंच तेल नाही, तो फाटतो.

आता मी माझ्या इसबाच्या सगळ्या पेशंटना सांगते तेच तुम्हाला सांगते: एका वेळी एकच नवी वस्तू. तुम्ही तीन नव्या वस्तू एकाच रात्री लावल्यात, म्हणून आज कोणावर बोट ठेवावं ते कळत नाही. आधी फक्त जेल घ्या. दुसऱ्या कोपराच्या खोबणीत, जिथे सध्या इसब नाही तिथे, रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावा. काही झालं नाही तर बोटाने खाली थोडंसं लावून तीन दिवस थांबा. मग साधन, तेही धुऊन, जेलसह, दोन मिनिटं. पुन्हा तीन दिवस थांबा. कंटाळवाणं आहे, पण यानंतर काही उठलंच तर ते कशाने, हे तुम्हाला नक्की ठाऊक असेल. दागिने आणि सुगंध दोन्हींचा त्रास असेल तर मोठ्या रुग्णालयात पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा बघतात.

विकत घेण्याबद्दल थोडंसं. घरात स्वतःसाठी असं साधन वापरणं हा गुन्हा नाही. विक्री आणि आयात मात्र अश्लीलतेच्या कायद्याच्या सावलीत चालते, म्हणून डब्यावर ‘मसाजर’ असतं. मार्च २०२४ मध्ये बॉडी मसाजरच्या आयातीचं असं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं आणि न्यायालयाने सीमाशुल्क खात्याचं अपील फेटाळलं. या लपवाछपवीचा भुर्दंड आपल्या त्वचेला पडतो: कातडीला लावायच्या वस्तूवर ती कशाची आहे हेच धड लिहिलेलं नसतं. या साधनांसाठी २०२१ पासून आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. विक्रेत्याला लेखी विचारा: पदार्थ कोणता, कुठलं मानक पाळलंय, पाण्यात धुता येतं का. आयपीएक्स ७ हा पाणीरोधकतेचा दर्जा असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं, म्हणजे नळाखाली निर्धास्त धुता येईल. उत्तर टाळलं तर दुसरा विक्रेता बघा.

डॉक्टरांकडे जाताना एक अडचण येईल. सरकारी दवाखान्यात आमच्या विभागाच्या पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ असं लिहिलेलं असतं आणि कुणी ओळखीचं बघेल म्हणून बायका दारातून परततात. तुम्ही परतू नका. केसपेपरवर ‘इसब’ एवढंच सांगा, बाकीचं आत बोला. ‘एका मसाजरने आणि जेलने रिअ‍ॅक्शन आली’ हे वाक्य पुरेसं आहे. त्यावर कुणी उपदेश करायला लागलं तर डॉक्टर बदला. रात्री झोपमोड करणारी खाज, पांढुरके चकचकीत चट्टे, फोड, जखम, ताप किंवा घाण वासाचा स्राव यांतलं काहीही असेल तर आठवड्याचीही वाट बघू नका. दह्यासारखा स्राव आणि खाज पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या; मधुमेहाचा पत्ता कित्येकदा इथूनच लागतो.

राहता राहिलं वाळवणं. वापरल्यावर लगेच कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण, मग साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. मोटार नसलेली काच किंवा सिलिकॉन अधूनमधून पाच मिनिटं उकळता येतं, मोटारीचं कधीच नाही. उन्हात ठेवायची गरज नाही. स्वच्छ सुती कापडाने कोरडं करून तुमच्या कपाटाच्या कप्प्यात, दुसऱ्या कोरड्या कापडावर रात्रभर उघडं ठेवा आणि कप्प्याला कुलूप लावा. सकाळी सुती पिशवीत घाला. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यात तर मुळीच नको, बुरशी धरते. बँकेच्या लॉकरच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईला एका कप्प्याची किल्ली सांभाळणं जड जाणार नाही.